आडव्या सायकलची वाट

दुपारचं जेवण अजून ताटातच होतं, तेवढ्यात थोरल्यानं अंगणात येऊन सायकलच्या पुढच्या चाकावर पहार घातली. पहिल्या घावाला तारा तुटल्या, दुसऱ्या घावाला रिम वाकली. तिसऱ्यासाठी त्यानं पहार डोक्यावर उचलली, आणि वेल्डरच्या बायकोनं चुलीतलं पेटतं लाकूड आणून त्याच्या मनगटावर हाणलं.

"टाक खाली! टाक म्हणते ना, मुडद्या!"

एरवी ती त्याला "अहो भाऊजी" म्हणायची. आज सगळा मानपान चुलीत गेला होता. थोरला असा बोंबलला की शेतापलीकडची गुरं चरायची थांबली. पहार त्याच्या हातातून सुटून त्याच्याच पायावर पडली.

"बाईमाणूस आहेस म्हणून सोडतो," मनगट काखेत दाबत तो म्हणाला. "तुझ्या नवऱ्याला सांग, ती तिरडी आज माझ्या शेतात दिसली, तर परत आणायला खरी तिरडी लागेल."

"मी इथंच आहे दादा," वेल्डर आतून म्हणाला. "मलाच सांग की."

पण त्याला उठून दारापर्यंत यायला वेळ लागायचा. आधी भिंत धरायची, मग गुडघा, मग कंबर, मग दात खाऊन बाकीचं अंग. तो दारात येईपर्यंत थोरला फटफटीला लाथ मारून निघूनही गेला होता. पहार मात्र अंगणातच राहिली. वेल्डरनं ती ओळखली. न ओळखून कसं चालेल? त्याच पहारेनं त्याची पाठ मोडली होती.

आता ही भानगड काय ते ऐका. थोरला म्हणजे वेल्डरचा चुलतभाऊ. बापांच्या वाटण्या झाल्या तेव्हा रस्त्याकडची जमीन थोरल्याकडं गेली आणि आतली, मागची, वेल्डरकडं. घर, वेल्डिंगची शेड, शेत, सगळं आत. बाहेर पडायला थोरल्याच्या शेतातून एक वाट, बस्स. ती गेली की पीक बाहेर काढायचं कसं, डोक्यावरून? मग पडेल त्या भावात ते थोरल्यालाच द्यायचं आणि पुढंमागं जमीनही त्याच्याच घशात घालायची. थोरल्याला तेच हवं होतं, आणि हे गावातल्या शेंबड्या पोरालाही कळत होतं.

आणि गावचा जुना नेम असा की, दुसऱ्याच्या शेतातली वाट चाक फिरतंय तोवरच जिवंत. लागोपाठ दोन हिवाळे चाक फिरलं नाही, तर वाट मेली, शेतवाल्यानं खुशाल नांगर घालावा. चाक म्हणजे ढकललेलं चाक नव्हे. ज्याची वाट त्यानं स्वतः बसून न्यायचं, दिवसाउजेडी, पंचाच्या डोळ्यांसमोर.

मागच्या हिवाळ्याच्या तोंडाला थोरल्यानं वाटेत नांगर घातला, वेल्डर आडवा गेला, आणि पहार बसली. "घरातलं भांडण, घरात मिटवा," म्हणून सगळ्यांनी हात झटकले. तो हिवाळा वेल्डरनं अंथरुणात काढला. हा दुसरा हिवाळा. आणि आज शेवटचा दिवस, सूर्य बुडेपर्यंत. वाट जिथं रस्त्याला लागते तिथं पिठाची गिरणी. गिरणीवाला यंदाचा पंच. तो दुपारपासून ओट्यावर खुर्ची टाकून बसला होता.

पण जायचं कसं? सरळ बसलं की वेल्डरच्या कमरेतून पायात आग उतरायची. गाडीची फळी नको, सायकलची सीट तर नकोच. मागं रेललं की तेवढं बरं वाटायचं. म्हणून त्यानं दोन जुन्या सायकली कापल्या, एक लोखंडी खुर्ची कापली, त्यावर पोत्याची झोळी ताणली आणि जोडून टाकलं सगळं; त्या पाठीनं हे काम व्हायला हिवाळा सरला. माणूस मागं रेललेला, पाय पुढं, पायडल पायांच्याही पुढं, हँडल बुडाखाली. गावानं ती अंगणात येऊन पाहिली, तेव्हा सगळे पोट धरून हसले. कुणी खाट म्हणालं, कुणी पाळणा. तिरडी म्हणाला तो थोरला.

आता त्या तिरडीचं पुढचं चाक आठाच्या आकड्यासारखं होऊन पडलं होतं.

"झालं," वेल्डर उंबऱ्यावर बसला. "संपलं."

"काय संपलं? बसू नका, उठायला पुन्हा अर्धा दिवस लागतो तुम्हाला." बायकोनं पाण्याच्या हातगाडीवरची बादली खाली आदळली आणि गाडी उलटी केली. "हे चाक बसतं का बघा."

"बारकं आहे गं."

"बारकं तर बारकं. चाक आहे ना? नेमात काय चाकाचं माप लिहिलंय?"

तिनं पाना दाबला, त्यानं नट काढले. चाक बसलं. सायकल पुढून थोडी वाकली, एवढंच. मग तिनं मागच्या बाजूला एक लांब, लवचीक काठी बांधली आणि टोकाला लाल फडकं.

"हे कशाला?"

"तुम्ही त्या मक्यात बुडाल, दिसणार नाही. फडकं हलताना दिसलं की मला कळेल जिवंत आहात." तिनं काठीची गाठ ओढून बघितली. "मी मागनं येऊ का?"

"नको. तू जवळ दिसलीस तर म्हणतील बायकोनं ढकलली."

निघताना त्यानं ती पहार सायकलच्या दांडीला बांधून घेतली. म्हणाला, "दादाची वस्तू आहे. भेटला तर देतो."

हिवाळ्याची दुपार. ऊन दिसायला पिवळं, अंगाला लागत नव्हतं. थंडीनं ढेकळं दगड झाली होती, आणि थोरल्यानं आदल्या दिवशीच वाटेवर नांगर फिरवून ठेवला होता. बारकं चाक प्रत्येक ढेकळावर उडी मारी, आणि तो दणका झोळीतून थेट मणक्यात. वेल्डर प्रत्येक दणक्याला शिवी देत होता. आधी ढेकळाला, मग थोरल्याला, मग थोरल्याच्या बापाला. पण हा बाप म्हणजे आपलाच चुलता, हे आठवून तिथंच थांबला. दोन्ही बाजूला वाळलेला मका उभा. त्याला दिसत होतं ते फक्त आभाळ, स्वतःचे दोन बूट आणि बुटांच्या मधे सूर्य.

तोच मका खसखसला. वारा नव्हता.

"सोड रे!" थोरल्याच्या मेव्हण्याचा आवाज. "सोड दोन्ही!" असं स्वतःलाच ओरडून त्यानं कुत्री सोडली.

सरळ सायकलवर बसलेल्याच्या पोटरीला कुत्रं लागतं. आडव्या सायकलवर कुत्र्याचं तोंड थेट माणसाच्या तोंडाशी येतं. पहिलं कुत्रं खांद्याला लागलं आणि लोंबलं. त्याचा गरम, घाण वास वेल्डरच्या नाकात गेला. दुसरं पुढून आलं. त्यानं पायडलवरून पाय काढून त्याच्या छातीत लाथ घातली, तसं ते कळवळत मक्यात पडलं. खांद्यावरचं सुटेना. दात मांसात फिरत होते. त्यानं डाव्या हातानं पहार ओढली आणि आंधळ्यासारखी मागं मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा काहीतरी मऊ लागलं आणि ओझं सुटलं.

मग दगड आले. मेव्हणा नेमबाज नव्हता, पण दगड पुष्कळ होते. एक गुडघ्यावर बसला, एक कानाच्या वर. रक्त डोळ्यात उतरलं.

"उतर खाली, लंगड्या! उतर नाहीतर डोकं फोडतो!"

"तूच ये की खाली बसायला! जागा आहे!" वेल्डर ओरडला. त्याचं तोंड गप्प बसेल तर शपथ. आणि गंमत बघा, तो पहार घेऊन आहे हे दिसल्यावर मेव्हणा मक्यातून पुढं आलाच नाही. लांबूनच शिव्या देत राहिला.

पुढं वाट दोन झाडांच्या मधून जाते. तिथं चढ संपतो आणि गिरणीपर्यंत सरळ उतार. वेल्डरनं मनात म्हटलं, झाडं गाठली की जिंकलं. डोळ्यातलं रक्त पुसत तो झाडांच्या मधे शिरला आणि त्याला आभाळावर एक रेघ दिसली.

तार. कुंपणाची तार, या झाडापासून त्या झाडापर्यंत, ताणून. त्याच्या तोंडावरून हात-दीडहात उंचीवरून ती मागं गेली. काठी तारेला लागून कमानीसारखी वाकली आणि फडकं पुन्हा सप्पकन उभं राहिलं.

त्याला कळायला क्षणभर वेळ लागला. तार सायकलवाल्याच्या गळ्याच्या उंचीवर होती. म्हणजे सायकलवर सरळ बसणाऱ्याच्या. थोरल्यानं आयुष्यभर सायकलवर बसलेली माणसंच पाहिली, त्यानं गळ्याचं माप घेतलं तेही त्यांचंच. भाऊ आडवा पडून जातो, हे त्याला तिरडी म्हणताना सुचलं, मेव्हण्याकडून तार बांधून घेताना नाही.

तेवढ्यात लांब खळ्यावरून थोरल्याचा आवाज आला. तो आवाज कुठंही ऐकू आला असता.

"गेला! गेला बघ! अरे मेव्हण्या, भाड्या, तार सुटली तुझी! गाठ मारता येत नाही तुला? त्याचं फडकं बघ, चाललंय पुढं!"

खळ्यावरून त्याला मक्याच्या वर फडकंच दिसत होतं. फडकं वाकलं, उठलं, पुढं गेलं. म्हणजे तार पडली, असा त्यानं हिशोब केला. फटफटी सुरू झाली. भर वेगात, त्याच वाटेनं.

वेल्डरनं ब्रेक दाबला. मान वळवली. हाक मारायला वेळ होता. "दादा, तार आहे!" एवढंच म्हणायचं होतं. त्यानं तोंडही उघडलं. पाठीत ती जुनी आग पेटली होती, खांद्यातून रक्त गळत होतं. त्यानं आवाज काढला नाही.

फटफटीचा आवाज झाडांपर्यंत आला. मग इंजिन एकटंच किंचाळलं, आणि काहीतरी धप्पकन पडलं.

वेल्डर उताराकडं बघत बसून राहिला. सूर्य गिरणीच्या पत्र्याला टेकायला आला होता. ओट्यावर गिरणीवाला उभा राहून कपाळावर हात धरून बघत होता. एकदा पाय उचलले की सायकल आपोआप खाली गेली असती. वाट आपली, शेत आपलं, कायमचं.

मागून घरघर आली. माणसाची होती, पण शब्द नव्हते.

"मर," तो म्हणाला. "मर तिथंच." आणि सायकलवरून उतरून, पहार टेकत टेकत, शिव्या देत तो मागं गेला.

थोरला ढेकळांवर उताणा पडला होता. गळ्यात लोकरीचा मफलर होता, दुहेरी गुंडाळलेला, म्हणून डोकं धडावर होतं. पण मफलर फाटून तार आत गेली होती आणि श्वासाबरोबर रक्ताचे बुडबुडे येत होते. पाय हलत नव्हते. डोळे हलत होते. डोळ्यांनी पहार पाहिली.

"ओळखलीस का?" वेल्डर म्हणाला. "तुझीच आहे."

त्यानं ती दोन्ही हातांनी वर उचलली. पाठ कडाडली तरी उचलली. थोरल्यानं डोळे मिटले. मिटलेल्या डोळ्यांतून पाणी आलं. वेल्डरनं पहार हाणली ती फटफटीच्या दिव्यावर. मग टाकीवर. मग पुन्हा दिव्यावर, जिथं आता दिवा नव्हताच. लोखंड वाजत राहिलं, तो ओरडत राहिला, "माझी पाठ! माझी पाठ मोडलीस तू, हलकटा! आपण एका ताटात जेवलो रे!" शेवटी हातातलं बळ संपलं. पहार पडली.

"मेव्हण्या!" त्यानं हाक मारली. "ये इकडं, उचलायला ये!" मका गप्प होता. मेव्हणा केव्हाच पळाला होता. कुत्री तेवढी होती.

मग त्यानं सायकल मागं आणली, आडवी टाकली, थोरल्याला काखेत धरून ओढलं. दोघंही ओरडले; एकाचाच आवाज निघाला. तो झोळीत रेलला, थोरल्याला स्वतःच्या छातीवर घेतलं, लहान मूल घ्यावं तसं, आणि सायकल कशीबशी उभी केली. एका हातानं मफलरचा बोळा त्याच्या गळ्यावर दाबला, दुसऱ्या हातानं हँडल. पायडल मारायला जागाच नव्हती. त्यानं पायानं एक रेटा दिला आणि उतारावर सोडून दिली.

तो उतार कसा गेला ते त्यालाही नीट सांगता येत नाही. थोरल्याचं डोकं त्याच्या हनुवटीखाली, पुढचं काही दिसत नव्हतं. बारकं चाक उडत होतं, गरम रक्त त्याच्या सदऱ्यातून पोटावर उतरत होतं. "दादा, झोपू नको," तो म्हणत होता. "झोपलास तर बघ. तुला अजून मारायचंय मला."

सायकल गिरणीच्या ओट्यावर आदळली तेव्हाच थांबली.

गिरणीवाला जन्मभर गिरणीच्या आवाजात राहून बहिरा झाला होता, त्यामुळं तो नेहमी ओरडूनच बोले. "बसून आलास ना?" तो ओरडला.

"आधी दवाखान्याची गाडी बोलवा, काका!"

"बोलवतो! पण बसून आलास ना? कुणी ढकललं नाही?"

"नाही!"

गिरणीवाल्यानं मान वळवून बघितलं. पत्र्यावर सूर्य नखभर उरला होता. "आहे अजून!" तो रस्त्यावर जमलेल्या माणसांना ओरडला. "सगळ्यांनी बघा! चाक फिरलं! वाट जिवंत!" मग त्याचं लक्ष गेलं. "आणि हे वर कोण आणलंस?"

"दादा आहे."

"अरे देवा," गिरणीवाला म्हणाला, आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू म्हणाला. एक जण मात्र कुरकुरला, थोरल्याच्याच बाजूचा, की दोघं बसलेले चालतात का. गिरणीवाल्यानं त्याच्या कानाखाली वाजवली. "वाटेवरून ओझं न्यायचं नाही असं कुठल्या नेमात आहे रे? ओझं न्यायलाच असते वाट!"

थोरला वाचला. आवाज वाचला नाही. गळ्यातून नुसती हवा यायची, फुंकणीतून यावी तशी. मेव्हणा जो गावातून गेला तो आलाच नाही.

खांद्याची जखम बांधताना त्या संध्याकाळी बायकोनं विचारलं, "फटफटी येताना तुम्हाला ऐकू आली असेल की."

"आली."

"हाक नाही मारलीत?"

"नाही."

तिनं गाठ आवळली. "बरं केलंत," ती म्हणाली. थोड्या वेळानं म्हणाली, "परत गेलात तेही बरंच केलंत म्हणा." आणि चुलीकडं तोंड करून रडली.

थंडी सरली, मका कापून झाला, वेल्डरचं पीक त्याच वाटेनं बाहेर गेलं. आणि एका सकाळी थोरल्याची बायको त्या वाटेनं चालत आली. अंगणात उभी राहिली, बस म्हटलं तरी बसली नाही.

"भाऊजी," ती खाली बघत म्हणाली, "यांना बसवत नाही. सरळ बसलं की कमरेतून पायात आग उतरते, असं खुणेनं सांगतात. पाय थोडे हलायला लागलेत, पण सगळा दिवस भिंतीकडं बघत पडून असतात. तसली एक सायकल... यांच्यासाठी कराल का?"

वेल्डर काही बोलायच्या आत त्याची बायको आत गेली. वहिनीला वाटलं, आता ही पेटतं लाकूड आणते. तिनं आणलं तारेचं वेटोळं. झाडांवरची ती तार तिनंच सोडवून आणून ठेवली होती. ते तिनं नवऱ्यापुढं आदळलं.

"करून द्या. पण झोळी ताणायला हीच तार घाला. पाठीला लागू दे त्याच्या रोज."

त्यानं तीच घातली.

सायकल झाली त्या दिवशी चौघांनी थोरल्याला उचलून तिच्यावर निजवलं. शिकायला मोकळी जागा दुसरी कुठली, तीच वाट. थोरला वर आभाळाकडं बघत राहिला. मग त्यानं वेल्डरची बाही ओढली. तोंड हललं, हवा आली. वेल्डर वाकला, तरी कळेना. थोरल्यानं बोटानं दाखवलं, वेल्डरच्या सायकलवरचं लाल फडकं. मग स्वतःच्या छातीकडं.

"काही नको," वेल्डरची बायको म्हणाली. "लाड आहेत नुसते."

तरी ती घरात गेली. त्या फडक्याचा उरलेला तुकडा आणि एक काठी घेऊन आली. थोरल्याच्या डोक्यामागं बसून तिनं काठी बांधली, गाठीवर गाठ मारली, ओढून बघितली.

"पुढचा मका आला की बुडाल त्यात, भाऊजी," ती म्हणाली. "जिवंत आहात का मेलात, ते लांबूनच कळलेलं बरं."